हिराकशीच्या पाण्यात लोखंडाची तार उगवली, पण ती 'ऐकते' का?

वडगावचा दिनू
मंडळी, विषय जरा विचित्र आहे. पण इथे प्लेटिंगवाले (विजेने धातूचा मुलामा देणारे), मास्तर, रिपेअरवाले सगळेच आहेत, म्हणून टाकतोय.

पुतणीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. ज्वालामुखी आणि पवनचक्की सोडून काहीतरी कर म्हणून ती मागे लागली. शोधता शोधता गॉर्डन पास्क (१९२८-१९९६) या इंग्रज माणसाचा प्रयोग वाचला आणि दोन रात्री झोप नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने एका ताटलीतल्या फेरस सल्फेटच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड (वीज पोचवणाऱ्या तारा) सोडून वीज दिली. इलेक्ट्रोडांच्या मध्ये लोखंडाचे केसासारखे धागे वाढू लागले. धाग्यातून वीज द्रावणापेक्षा सहज जाते, म्हणून ज्याला वीज मिळाली तो आणखी वाढतो. ज्याची वीज कमी झाली त्याला द्रावणातलं आम्ल खाऊन टाकतं. एकूण करंट मोजकाच ठेवला की धाग्यांची आपापसात मारामारी. कुठला धागा राहणार, कुठला जाणार हे बाहेरून कुणी ठरवत नाही.

पास्क बाहेरून एकच करायचा. ताटली हवं तसं वागली की थोडा जास्त करंट. असं करत करत त्या ताटलीला ५० आणि १०० हर्ट्झचे दोन आवाज वेगळे ओळखता यायला लागले. आत मायक्रोफोन बसवलेला नव्हता. कान आपोआप उगवला!

आता माझी कहाणी. कृषी सेवा केंद्रातून उसाला टाकतात ते फेरस सल्फेट आणलं (म्हणजे आपली हिराकस). पाण्यात ढवळलं, दोन वायरी सोडल्या, ९ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला. अर्धा तास बुडबुडे सोडून काही नाही. मग पुतणी म्हणाली, "काका, ताट स्टीलचं आहे." वीज ताटातूनच पळत होती! गेली इज्जत.

मग काचेच्या बशीत केलं. या वेळी खरंच काळी तार उगवली, नखाएवढी. पण तासाभरात पाणी तांबडं झालं, खाली चिखल बसला आणि तार तुटून पडली.

दोन प्रश्न. एक, तार टिकवायची कशी? दोन, याला 'शिकणं' म्हणायचं की नुसतं पुटं चढणं?

चिकोडी एक्स्प्रेस
स्टीलच्या ताटात प्रयोग. तुला आधी जेवायला वाढायला पायजे होतं त्यात.

उद्यमबाग ३२
दिनू, वाचून हसलो बघ. आमच्यात ह्याला 'झाड येणं' म्हणतात. बत्तीस वर्षं प्लेटिंगमध्ये काढली, ती सगळी हे झाड येऊ नये म्हणून. जॉबच्या, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूच्या कडेला, कोपऱ्याला, आट्यांच्या टोकाला धातू जास्त चढतो, करंट वाढवला की तिथं काळे काटे फुटतात, मग जॉब रिजेक्ट आणि शिव्या आम्हाला. आणि तिकडं इंग्लंडात कुणी मुद्दाम झाड उगवून कान करतोय! आमच्या रिजेक्शनच्या पेटीत किती कान गेले असतील कुणास ठाऊक.

झाड का येतं ते साधं आहे. टोक जरा पुढं आलं की वीज तिथंच एकवटते, पाण्यातला धातू पण आधी तिथंच पोचतो. मग टोक आणखी पुढं. पुढारलेला पुढंच जातो, मागं राहिलेला मागंच. (हे फक्त टाकीत होतं असं नाही.)

आता तुझं बघूया. चुका तीन.
पाणी तांबडं झालं कारण फेरसचं फेरिक, म्हणजे गंजातलं लोखंड झालं. हवा लागली की होतंच. पाणी उकळून गार करून घे, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. त्यात बॅटरीच्या ॲसिडचे थेंब, मोजून. थेंब म्हटलंय, कप नव्हे. हातमोजे आणि चष्मा घाल, आणि पोरीला त्या कामाला लावू नको.
दुसरं, प्लसला काय लावलास? तांब्याची वायर असेल तर तांबं पाण्यात उतरलं, सगळं खराब झालं. प्लसला लोखंडी खिळा लाव, गॅल्वनाइजचा नको. खिळा विरघळेल आणि पाण्यातलं लोखंड भरून निघेल. मायनसला बारीक वायर चालते.
तिसरं, ९ व्होल्ट डायरेक्ट मारू नको. मध्ये रेझिस्टन्स घाल. घाईनं चढवलेलं लोखंड भुसभुशीत होतं, हायड्रोजन पण लै सुटतो. खिडकी उघडी ठेव, जवळ काडी ओढू नको.

अथणीचा ऊसवाला
हिराकस आणताना पिशवी बघितलास का? आमच्याकडं १९ टक्के लोखंडाची येते. जुनी असली की वरून पिवळी पडते, ती घेऊ नये. हिरवीगार, काचेच्या खड्यासारखी पायजे. उसाचा पाला पिवळा पडला की आम्ही फवारतो. तार उगवायला कुणी नेली नव्हती आतापर्यंत.

रानजाई
हिराकस म्हटल्यावर मला राहवत नाही. आमची आज्जी खानापूरच्या रानातला हिरडा कुटून उकळायची, त्यात हिराकस टाकली की पाणी काळंभोर. त्यात सूत बुडवायचं. जुनी शाईसुद्धा याच जातीची. घरातल्या मोडी कागदांवर अजून अक्षरं तशीच आहेत, कागद मात्र अक्षरांच्या जागी खाल्ला गेलाय.

दिनूदादा, एक जपा. त्या बशीजवळ चहाचा कप ठेवू नका. चहातही तेच तुरट द्रव्य असतं.

वडगावचा दिनू
रानजाई, उशीर केलात ओ. काल पुतणीने चहा सांडला. पांढऱ्या फरशीवर जिथे हिराकशीचे थेंब होते तिथे काळे ठिपके उठलेत, फरशी बिबट्यासारखी दिसते. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत.

सोल्डर निपाणी
लिंबू चोळा, जाईल. फरशी संगमरवरी असेल तर नको, लिंबू तिलाच खाईल.

मुद्द्याचं. अशी झाडं मी रोज बघतो, भिंगाखाली. पावसाळ्यात मोटार स्टार्टरचे, इन्व्हर्टरचे बोर्ड येतात. बोर्डावरच्या दोन ट्रॅकच्या, म्हणजे तांब्याच्या रेघांच्या मध्ये ओल बसते, त्यात घामाचं मीठ नाहीतर फ्लक्सचा (डाग देताना लावतात त्याचा) मळ, वर सतत व्होल्टेज. एका ट्रॅकवरून तांबं किंवा शिसं-कथील विरघळतं आणि दुसऱ्या ट्रॅकवरून फर्नच्या पानासारखं परत वाढत येतं. पलीकडे टेकलं की शॉर्ट. गंमत म्हणजे तार इतकी नाजूक असते की शॉर्ट झाल्या झाल्या स्वतःच जळून जाते, फ्यूजसारखी. गिऱ्हाईक म्हणतो, "आपोआप बंद पडतं, आपोआप चालू होतं." माझ्या टेबलावर आणलं की व्यवस्थित चालतं. घरी नेलं, ओल धरली, परत तेच.

इतकी वर्षं मी ब्रशने घासून काढत आलो. स्वतःला सांभाळणारं यंत्र म्हणतात ते हेच असेल तर माझ्या दुकानात पोतंभर आहेत.

चिकोडी एक्स्प्रेस
दोन इलेक्ट्रोड, मध्ये एक सीमा, आणि तार बिचारी १९५६ पासून लटकलेली. एकीकडून करंट मिळतो, दुसरीकडून आम्ल.

व्यवस्थापक
एक्स्प्रेस, सीमाप्रश्नाचे इथे वेगळे ४१ धागे आहेत. इथे लोखंडाचंच बोलूया.

पुण्यात अडकलेला
मी कॉम्प्युटरवाला, केमिस्ट्रीत काठावर पास. पण सगळं वाचून एक शंका आली.

५० आणि १०० हर्ट्झ. हे आकडे बघून माझेच कान टवकारले. घरातली वीज ५० हर्ट्झची, इंग्लंडातही ५० चीच. आणि तीच वीज पूर्ण रेक्टिफाय केली (एसीची डीसी केली) की जो चढउतार उरतो तो १०० हर्ट्झचा. म्हणजे जगातल्या सगळ्या आवाजांतून नेमके तेच दोन, जे भिंतीतल्या प्लगमधून फुकट येतात? ताटली आवाज ऐकत होती की रेक्टिफायरची गुणगुण?

खोटं केलं असं म्हणत नाही. पास्क हुशार होता यात वाद नाही. टायपिंग शिकवणारं, शिकणाऱ्याच्या चुका बघून अवघड-सोपं होणारं यंत्र त्याने त्याच काळात केलं होतं. पण एक माणूस, एक ताटली आणि तुटक टिपणं एवढ्यावर 'कान उगवला' म्हणणं मला जड जातं.

मार्तंड मास्तर
पुण्यात अडकलेल्यांची शंका चांगली आहे, पण त्यामुळे पास्कचा मुद्दा पुसला जात नाही. जरा सावकाश लिहितो. निवृत्त आहे, वेळ आहे.

आधी प्रमाण लक्षात घ्या. फॅरेडेच्या नियमाने एक अँपिअर वीज एक तास वाहिली तर फेरस द्रावणातून सुमारे १.०४ ग्रॅम लोखंड चढतं. दिनू वीस मिलिअँपिअर देत असेल तर तासाला फार तर २१ मिलिग्रॅम, तेही सगळा करंट लोखंडालाच गेला तर. थोडा हायड्रोजन काढण्यात जातोच. म्हणजे तासाभराची कमाई साधारण तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाची. एवढ्या धातूची वीतभर तार करायची तर ती केसासारखीच होणार, आणि तिला धक्का सोसणार नाही. यात चमत्कार काही नाही.

आता आकार. १९८१ मध्ये विटेन आणि सँडर यांनी कॉम्प्युटरवर एक साधा खेळ मांडला. कण भरकटत येतो, गाठोड्याला जिथे पहिल्यांदा शिवेल तिथेच चिकटतो. एवढ्या एका नियमातून झाडासारखी आकृती तयार होते, कारण आतल्या खाचेपर्यंत कण पोचतच नाही, वाटेतल्या फांद्या त्याला पकडतात. १९८४ मध्ये जपानमध्ये मात्सुशिता आणि सहकाऱ्यांनी जस्ताची पानं विजेने उगवून मोजली. सपाट पानाची मिती (ते जागा किती भरतं याचं माप) २ नसून सुमारे १.६६ भरली, खेळातल्या आकृतीच्या अगदी जवळ. उद्यमबागवाल्यांनी 'पुढारलेला पुढंच जातो' म्हटलं, ते हेच.

आता शिकण्याचं. पास्कच्या आसपासच, १९६० मध्ये, अमेरिकेत स्टॅनफर्डला विड्रो आणि हॉफ यांनी एक वस्तू केली. तिचं नाव मेमिस्टर. पेन्सिलीचं शिसं मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवायचं. तिसऱ्या तारेतून वीज दिली की शिशावर तांबं चढतं, रोध (रेझिस्टन्स) कमी. उलटी दिली की तांबं उतरतं, रोध जास्त. वीज बंद केली की आहे तिथे राहतं. म्हणजे तांब्याच्या थराची जाडी हीच आठवण. अशा बाटल्या जोडून त्यांनी आकृत्या ओळखायला शिकणारं यंत्र केलं. उत्तर चुकलं की चुकीच्या मापाने थोडं तांबं चढवायचं किंवा उतरवायचं. हाच हॉफ पुढे इंटेलच्या ४००४ या १९७१ च्या चिपच्या कामात होता.

आता दोन्ही शेजारी ठेवा. विड्रोच्या यंत्रात किती बाटल्या, कशाला जोडायच्या, काय बघायचं, हे माणसाने आधीच ठरवलंय. बदलतो तो फक्त थर. पास्कच्या ताटलीत कशाकडे लक्ष द्यायचं हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. आवाजाने बशी हादरते, धागे हलतात, काही टिकतात, काही तुटतात. जे टिकल्याने बक्षीस मिळतं त्यांना करंट जातो. तिला आवाजाची इंद्रियं दिलेली नव्हती, ती उगवावी लागली. माझ्या दृष्टीने नवं आहे ते हे. ५०-१०० ची गुणगुण निघाली तरी ताटलीने स्वतःसाठी काहीतरी 'ऐकण्याजोगं' शोधलं, हे उरतंच.

पुण्यात अडकलेला
सर, शेवटचं वाक्य पटलं नाही. गुणगुण असेल तर तिने काही शोधलं नाही, आपणच नकळत तिच्या ताटात वाढलं.

मार्तंड मास्तर
वाढलेलं खाता येणं हीही एक पायरी आहे.

चिकोडी एक्स्प्रेस
स्टीलच्या ताटात तेवढं नको.

खासबागची सून
मला यातलं सगळं कळत नाही, पण दिनूभावजी राहतात त्या गल्लीत मागं-पुढं सगळीकडे माग आहेत. भिंतीला हात लावला तरी कळतं माग चालू आहे. तुमची ती तार मागाच्या खटखटीनं तुटत नाही ना? आमच्या फडताळातली काचेची भांडी सुद्धा दुपारी हळूहळू कडेला सरकतात. रात्री परत मागं ढकलायची.

वडगावचा दिनू
वहिनी, हेच सांगायला आलो होतो!

उद्यमबागवाल्यांनी सांगितलं तसं सगळं बदललं. डिस्टिल्ड पाणी, चार थेंब ॲसिड, प्लसला खिळा, मध्ये रेझिस्टन्स. आता पाणी फिकट हिरवं राहतं. काल सकाळी तार मायनसवरून निघाली. भिंगातून बघितलं तर ती सरळ जात नाही. जरा पुढे येते, दोन फाटे फोडते, एक फाटा थांबतो, दुसरा धावतो. थांबलेला अर्ध्या तासाने बारीक होऊन गळून गेला, त्याच्या अंगावर बुडबुडे चढलेले दिसत होते. धावणारा खिळ्याला जाऊन टेकला. टेकल्या क्षणी मीटरवर व्होल्टेज धपकन खाली.

आणि आता ऐका. मागच्या घरातला माग सुरू झाला की मीटरचा आकडा दर वेळी हलतो! पाच वेळा बघितलं, पाचही वेळा. म्हणजे तार मागाला ऐकते की नाही? पुतणीने तर पाटी रंगवायला घेतली, 'मागाचा आवाज ओळखणारी तार'.

सोल्डर निपाणी
पाटी थांबव. ॲडॉप्टरवर आहेस ना? माग आणि तू एकाच फेजवर असणार. मोटार सुरू होताना करंट खेचते, लाईनचं व्होल्टेज पडतं, तुझा स्वस्तातला ॲडॉप्टर ते जसंच्या तसं पुढे देतो. बल्ब मिणमिणतो ना माग सुरू होताना? तो पण मग मागाला 'ऐकतो'.

पुण्यात अडकलेला
मी काही बोलत नाही. फक्त वरची माझी शंका परत वाचा.

उद्यमबाग ३२
बॅटरीवर करून बघ की. स्कूटरची १२ व्होल्टची घे, रेझिस्टन्स वाढव. लाईनचा संबंधच नको.

अथणीचा ऊसवाला
आमच्याकडं लाईट रात्री येते, दिवसा नाही. असला प्रयोग आमच्यात जन्मभर बॅटरीवरच.

अगस्तीपुत्र
विजेचा घट, तांबं, मोरचूद, मुलामा हे सगळं आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. इंग्रजांचं कौतुक पुरे.

चिकोडी एक्स्प्रेस
आले! मी वाट बघून सुकलो होतो. ऋषिवर, आता एवढं सांगा, त्या काळात रेझिस्टन्स किती ओहमचा लावायचे? दिनूला घ्यायचाय.

व्यवस्थापक
दोघांनीही इथे थांबावं.

रानजाई
मला एक विचारायचंय. मोबाईलच्या बॅटरीतही असंच काही वाढतं म्हणतात, आणि ती पेट घेते. तेच का हे?

मार्तंड मास्तर
जात तीच. शुद्ध लिथियम धातूच्या पट्टीची बॅटरी चार्ज करताना लिथियम सपाट न बसता काट्यासारखा वाढतो. मधला पडदा साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. काटा तो भोसकून पलीकडे गेला की शॉर्ट, आत पेटणारा द्रव. म्हणून १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत धातूची पट्टी नव्हती, कार्बनच्या थरांमध्ये लिथियम शिरून बसेल अशी सोय होती. काट्याला वावच कमी. तरी कडाक्याच्या थंडीत चार्ज केली, किंवा फार घाईने केली, की कार्बनवरही धातू बसू शकतो.

उलट, आता एका जातीच्या मेमरी चिपमध्ये हा काटा मुद्दाम वाढवतात. काही नॅनोमीटरच्या थरातून चांदीची किंवा तांब्याची तार आरपार गेली की १, उलट्या विजेने तोडली की ०. निपाणीकर ज्याला ब्रशने घासतात त्यात कुणीतरी आकडे साठवतंय.

उद्यमबाग ३२
आम्ही घासत नाही, बाथमध्ये औषध घालतो. ब्राइटनर म्हणतात. पूर्वी काही बाथमध्ये साधा सरस घालायचे, तांबं शुद्ध करणारे तर मोठ्या टाक्यांत अजून घालतात. तो नेमका टोकावर जाऊन चिकटतो, टोकाची वाढ अडवतो, मग मागच्यांना पुढं यायला सवड मिळते. चिमूटभर कमी पडला की झाड, जास्त झाला की थर ठिसूळ. हल कॅड करून बघतो रोज. २६७ मिलिलिटरचं तिरकं भांडं असतं, त्यात एकच पत्रा एका टोकाला जास्त करंट, दुसऱ्या टोकाला कमी खातो. पत्र्यावर बघितलं की बाथची तब्येत कळते. 'कॅड' नाही, 'सेल' म्हणायचं होतं. बोट मोठं, फोन लहान.

दिनू, निपाणीकर म्हणाले तो 'स्वतःला सांभाळणारा' भाग मला त्यात दिसतो बघ. चढवणारी वीज आणि खाणारं ॲसिड. चार थेंबांवर तार टिकते, दहा थेंबांवर टिकणार नाही, शून्यावर चिखल. तू थेंब मोजलेस. तारेनं नाही मोजले.

वडगावचा दिनू
चार दिवसांनी येतोय. बॅटरीवर केलं. सगळं सांगतो, माझ्या विरुद्ध गेलं तेही.

मागच्या घरातल्या काकांना विनंती करून दुपारी दहा वेळा माग चालू-बंद करायला लावला. ("वेडं झालंय पोरगं" म्हणाले, पण केलं. बदल्यात कुंदा.) ॲडॉप्टरवर असताना माग सुरू होताना आकडा हलायचा, तो बॅटरीवर एकदाही हलला नाही. निपाणीकर, तुमचं बरोबर. पाटी फाडली.

पण एक उरलंय. बॅटरीवरच, तार खिळ्याला टेकल्यावर माग सलग चालू ठेवला तर दहापैकी सहा वेळा ती पाच मिनिटांच्या आत तुटली. माग बंद ठेवून दहा वेळा बघितलं तर दोनदाच तुटली. तुटते तीही कुठेही नाही, खिळ्यापासून जरा अलीकडे, जिथे सगळ्यात बारीक असते तिथे. आणि तुटल्यावर परत वाढते. एकदा तर तीन वेळा तुटून चौथ्यांदा वाढली ती सरळ न जाता बशीच्या तळाला टेकून, रांगत गेली. ती मात्र माग चालू असतानाही तुटली नाही, संध्याकाळपर्यंत राहिली. पुतणी म्हणते, "काका, तिला कळलं." मी म्हणालो, उभ्या होत्या त्या पडल्या, आडवी होती ती उरली. ती म्हणाली, "मग तेच तर."

पुण्यात अडकलेला
दहा-दहा वेळाच केलंय, आकडे लहान आहेत. पण बॅटरीवर केलंस आणि पाटी फाडलीस, म्हणून वाद घालत नाही. रांगणारी तार मला आवडली. फक्त ती एकदाच दिसलीय हे विसरू नकोस.

मार्तंड मास्तर
दिनू, तुझ्या मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ. तुझ्या बशीत बक्षीस देणारं कुणी नाही. तार टिकली म्हणून तू करंट वाढवला नाहीस. म्हणून याला पास्कच्या अर्थाने शिकणं म्हणणार नाही मी. निवड म्हणेन. पास्कचं अर्धं यंत्र ताटलीत होतं आणि अर्धं करंटच्या बटणावर, पास्कच्या हातात. ते दुसरं अर्धं तुला जोडायचं असेल तर एक कर. माग चालू असताना तार टिकली तर दर मिनिटाला करंट जरा वाढव, तुटली तर परत मूळ पायरीवर आण. आठवडाभर कर. मग बघू तिसऱ्या दिवशीची तार पहिल्या दिवसापेक्षा लवकर रांगायला लागते का.

पण एक अडचण आधीच सांगतो. आठवडाभरात द्रावण बदलेल, आम्ल कमी-जास्त होईल, खिळा झिजेल. फरक दिसला तर तो तारेचा की द्रावणाचा, हे ओळखायला शेजारी दुसरी बशी लागेल, तेच द्रावण, तोच माग, पण बक्षीस नाही.

खासबागची सून
दुसरी बशी माझ्याकडून न्या. काचेचीच आहे. तशीही ती फडताळातून पडणारच आहे एक दिवस.

सोल्डर निपाणी
बटण दाबायला दिवसभर कोण बसणार? एक रिले आणि टायमर देतो, जुनाच आहे. शनिवारी बेळगावला येतोय, कॅम्पातून जाता जाता देतो.

वडगावचा दिनू
देवासारखे आलात. प्रदर्शन सोमवारी आहे, तोपर्यंत आठवडा होणार नाही. पुतणीने नवी पाटी लिहिलीय: 'पडणारी तार आणि रांगणारी तार'. खाली बारीक अक्षरात 'अजून चालू आहे'.

वहिनी बोलायला लागल्या. लिंबाने डाग गेले, एक सोडून. तो ओट्याखाली आहे, त्यांना अजून दिसलेला नाही.

उद्यमबाग ३२
सोमवारी झालं की ते पाणी मोरीत ओतू नको. बादलीत चुन्याची निवळी घे, त्यात थोडं थोडं घाल, हिरवट-तांबडा गाळ बसेल. वरचं पाणी लिटमसला बघून मग सोड, गाळ वाळवून वेगळा टाक. आणि बॅटरी कुणाच्या स्कूटरची घेतलीस ते आधी सांग, माझी सकाळपासून चालू होईना.